निम्मे समीक्षक आणि भरलेली थिएटरं : ‘ट्वायलाइट’ (२००८) या चित्रपटाचं प्रकरण

२१ नोव्हेंबर २००८, शुक्रवार. अमेरिका आणि कॅनडातल्या ३,४१९ थिएटरांत ‘ट्वायलाइट’ लागला. बेला ही शाळकरी मुलगी आणि तिच्या वर्गातला एडवर्ड हा व्हॅम्पायर (रक्त पिणारा अमर जीव) यांच्या प्रेमाची ही गोष्ट. रविवार रात्रीपर्यंत तिकीटबारीवर ६ कोटी ९६ लाख डॉलर जमा झाले होते आणि चित्रपट बनवायला लागले होते सुमारे ३ कोटी ७० लाख. एखाद्या स्त्री दिग्दर्शकाच्या चित्रपटाला तोवर इतकी मोठी सुरुवात मिळाली नव्हती. त्याच तीन दिवसांत वर्तमानपत्रांत ज्या समीक्षा आल्या, त्यांची बेरीज मात्र बरोबर मधोमध थांबली. समीक्षा गोळा करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावर निम्म्या समीक्षकांची पसंती आणि निम्म्यांची नापसंती, तर त्याच धर्तीच्या मेटाक्रिटिकवर १०० पैकी ५६ गुण.

‘समीक्षकांनी झोडपला, पोरींनी डोक्यावर घेतला’ असं या प्रकरणाचं एका ओळीतलं रूप सगळीकडे ऐकू येतं. ते बरोबर नाही. समीक्षा एकेक करून वाचल्या की लक्षात येतं, चित्रपटाच्या उणिवांबद्दल फारसा वाद नव्हताच. कच्चे स्पेशल इफेक्ट, अवघडलेले संवाद, उशिरा जागा होणारा खलनायक हे आवडलेल्यांनीही लिहिलं आणि न आवडलेल्यांनीही. फाटा फुटला तो एकाच ठिकाणी. सतरा वर्षांच्या मुलीला जे वाटतं ते तिच्याच डोळ्यांनी, तिला न हसता, दोन तास दाखवत राहायचं, हा या चित्रपटाचा गुण की दोष? प्रत्येक समीक्षकाचं शेवटचं मत या प्रश्नाच्या उत्तरावर ठरलं. म्हणूनच किशोरवयीनांच्या अद्भुत प्रेमकथा समीक्षकांच्या तराजूत कशा तोलल्या जातात हे पाहायला याहून चांगलं उदाहरण सापडणं कठीण.

पटकथेआधीची पटकथा

स्टेफनी मेयर यांची कादंबरी ऑक्टोबर २००५ मध्ये आली, पण चित्रपटाचे हक्क त्याआधीच, २००४ मध्ये, पॅरामाउंटच्या छत्राखालच्या एमटीव्ही फिल्म्सनं घेऊन ठेवले होते. तिथे जी पटकथा तयार झाली तिच्यातली बेला शाळेची धावपटू होती. कथेत एफबीआय होतं, जेट-स्की होत्या. एका मुलीच्या मनात घडणारी गोष्ट मुलग्यांनाही बघवेल अशी करायची, म्हणजे तिच्यात पाठलाग भरायचे, हा त्यामागचा हिशेब. प्रकल्प पुढे सरकला नाही आणि हक्क मोकळे झाले.

त्यानंतर ते समिट एंटरटेनमेंटकडे आले. समिटचा मूळ धंदा चित्रपटांचे परदेशी वितरणहक्क विकण्याचा. अमेरिकेत स्वतः चित्रपट लावायला या कंपनीनं नुकतीच सुरुवात केली होती. आधीच्या पटकथेमुळे मेयर सावध झाल्या होत्या. समिटनं त्यांच्याशी काय बदलायचं नाही याची यादीच लिहून घेतली. व्हॅम्पायरांचे दात माणसाच्या दातांपेक्षा लांब दाखवायचे नाहीत, हे त्यातलं एक कलम. वाचताना ते किरकोळ वाटतं, पण चित्रपटाची जात त्यानं ठरवून टाकली. सुळेच नाहीत म्हटल्यावर भीती दाखवायला चेहऱ्याशिवाय दुसरं साधन उरत नाही. भार सगळा नटांवर आणि क्लोजअपवर.

दिग्दर्शनासाठी कॅथरीन हार्डविक आल्या. त्यांचं शिक्षण वास्तुकलेचं. बरीच वर्षं त्या कलादिग्दर्शक होत्या, आणि २००३ मध्ये तेरा वर्षांच्या मुलीच्या घुसमटीवर त्यांनी जो पहिला चित्रपट केला, त्यानं किशोरवयीन चेहरे जवळून टिपणारी दिग्दर्शक म्हणून त्यांचं नाव झालं. जुनी पटकथा बाजूला ठेवून पुस्तकाकडे परत जायचं, ही भूमिका त्यांचीच.

नवी पटकथा मेलिसा रोझेनबर्ग यांनी लिहिली, ती घड्याळाकडे बघत. अमेरिकेतल्या पटकथालेखकांचा संप ५ नोव्हेंबर २००७ ला सुरू झाला. त्याआधी मसुदा हातावेगळा करणं भाग होतं. संप फेब्रुवारी २००८ मध्ये मिटला आणि लगोलग चित्रीकरणाची धांदल सुरू झाली. नट ठरतात, त्यांच्या तोंडी वाक्यं बसवून पाहिली जातात, न बसणारी बदलली जातात, तो नेमका काळ लेखकाविना गेला. पुढे समीक्षकांनी संवादांवर जे ताशेरे मारले त्यांचं एक मूळ इथे आहे, असं मानायला जागा आहे. दुसरं मूळ पुस्तकात आहे. ‘आणि मग सिंह कोकराच्या प्रेमात पडला’ हे एडवर्डचं वाक्य वाचकांना तोंडपाठ होतं, त्यामुळे ते जसंच्या तसं आलं. पानावर मनातल्या मनात वाचलेलं वाक्य आणि जंगलात उभ्या असलेल्या माणसानं मोठ्यानं उच्चारलेलं वाक्य, यांत फार अंतर असतं.

रोझेनबर्ग यांनी एक बदल मात्र कसबानं केला. कादंबरीत जेम्स, व्हिक्टोरिया आणि लॉरेंट हे तिघे भटके व्हॅम्पायर अगदी शेवटाकडे उगवतात. चित्रपटात त्यांच्या हातून होणारे खून आधीपासून पेरले आहेत. बेलाचे वडील गावचे पोलिसप्रमुख, त्यामुळे त्या खुनांची बातमी घरात आपसूक येते. धोक्याची चाहूल लागते, पण तो धोका बेलावर का येईल हे बेसबॉलच्या प्रसंगापर्यंत कळत नाही. दुखणं निम्मं बरं झालं, निम्मं राहिलं.

तारखेचं नशीबही सांगायला हवं. चित्रपट १२ डिसेंबरला यायचा होता. वॉर्नर ब्रदर्सनं हॅरी पॉटर मालिकेतला सहावा चित्रपट २१ नोव्हेंबरवरून पुढच्या जुलैत ढकलला, आणि थँक्सगिव्हिंग या अमेरिकी सणाच्या आधीच्या आठवड्यातली ती मोक्याची जागा समिटनं पटकन घेतली. किशोरवयीन प्रेक्षकांसाठी दुसरं मोठं काही त्या वेळी समोर नव्हतं.

४४ दिवसांचं चित्रीकरण : काय जमलं, काय फसलं

कथा घडते वॉशिंग्टन राज्यातल्या फोर्क्स गावात. चित्रीकरण झालं ते मुख्यतः ऑरेगनमध्ये, पोर्टलंडच्या आसपास. शाळेचा काही भाग वॉशिंग्टनमधल्या कलामा इथल्या शाळेत, तर शेवटचा नाच ऑरेगनमधल्या कॉर्बेट इथल्या एका जुन्या विश्रामगृहात. मुख्य चित्रीकरणाला ४४ दिवस मिळाले, आणि त्यांतही हवामानाची कटकट. या कथेतले व्हॅम्पायर थेट उन्हात चमकतात, म्हणून उघड्यावरच्या जवळजवळ प्रत्येक दृश्याला ढगाळ आकाश हवं. वसंतातल्या त्या भागात मात्र एकाच दिवशी पाऊस, गारा आणि लख्ख ऊन असं सगळं होतं. ऊन पडलं की थांबायचं किंवा जागा बदलायची. इतक्या थोड्या दिवसांत असं थांबत राहिलं की त्याची किंमत कुठेतरी मोजावी लागते. ती मोजली इफेक्टवाल्या दृश्यांनी.

आधी जमलेलं पाहू, कारण समीक्षांमध्ये त्याची नोंद सगळ्यात कमी आहे.

जीवशास्त्राच्या वर्गातला प्रसंग घ्या. बेला वर्गात येते, पंख्यासमोरून जाते, केस उडतात, तिचा वास एडवर्डपर्यंत पोचतो आणि तो नाकातोंडावर हात दाबून धरतो. त्याच्या मागे टेबलावर पेंढा भरलेलं पांढरं घुबड आहे, पंख पसरलेलं. एका क्षणी ते पंख त्याच्याच खांद्यांतून फुटल्यासारखे दिसतात. देवदूत की शिकारी पक्षी, हा सगळ्या कथेचा प्रश्न एका चौकटीत आला, तोही एका शब्दाविना आणि जवळजवळ शून्य खर्चात. कलादिग्दर्शनातून आलेली दिग्दर्शक असल्याचा हा फायदा. बेलाला मात्र वाटतं, आपल्या अंगाला घाण वास येत असणार. नव्या शाळेतल्या पहिल्या दिवसाची लाज आणि अद्भुतकथेतला धोका हे दोन्ही एकाच कृतीत बसले आहेत. किशोरवयीन अद्भुत प्रेमकथेत साधायचं असतं ते हेच. राक्षसी गोष्ट ही रोजच्या एखाद्या भावनेचंच वाढवलेलं रूप वाटली पाहिजे. ते साधलं नाही की उरतात फक्त नियम आणि वंशावळी.

रंग हे दुसरं जमलेलं अंग. बेला आधी राहते त्या फीनिक्स शहराचा सुरुवातीचा भाग उबदार, पिवळसर. फोर्क्सला आल्यावर सगळ्यावर निळसर-हिरवट छटा चढते. एलियट डेव्हिस यांचा कॅमेरा बराचसा हातात धरलेला आणि चेहऱ्यांच्या फार जवळ. क्रिस्टन स्ट्युअर्टचं चाचरणं, वाक्य अर्धवट सोडणं, ओठ चावणं यांना अनेकांनी अभिनयातला दोष म्हटलं, पण या कॅमेऱ्यासमोर ते खरं वाटतं. कारण तिथे एक मुलगी स्वतःबद्दल इतकी अवघडलेली आहे की आपल्याकडे कोणी बघतंय हेच तिला सोसत नाही. रॉबर्ट पॅटिन्सन आणि तिची जोडी हार्डविक यांनी स्वतःच्या घरी चाचणी घेऊन ठरवली. त्याची निवड जाहीर झाल्यावर पुस्तकाच्या वाचकांनी मोठी नाराजी दाखवली होती. चित्रपट पाहिल्यावर ती मावळली.

बेसबॉलच्या खेळाचा प्रसंग तर आजही कोणी मालिकेचं नाव काढलं की आधी आठवतो. व्हॅम्पायरांच्या फटक्याचा आवाज एवढा मोठा की तो लपवायला ढगांचा गडगडाट हवा, म्हणून खेळ वादळातच. कल्पनेलाच स्वतःचं तर्कशास्त्र आहे. वर म्यूझ या ब्रिटिश बँडचं गाणं. इथे वेग दाखवणारे इफेक्ट खटकत नाहीत, कारण शॉट छोटे आहेत, खेळ प्रेक्षकांच्या ओळखीचा आहे आणि तालावर तुटणारं संकलन जोड लपवतं.

तोच वेग जंगलात उघडा पडतो. एडवर्ड बेलाला पाठीवर घेऊन डोंगर चढतो तेव्हा शॉट लांब आहे, आजूबाजूला खरी झाडं आहेत, आणि तारेनं ओढलेलं शरीर तारेनं ओढल्यासारखंच दिसतं. माणसाच्या चालीत वजन कुठे पडतं हे आपल्या डोळ्यांना लहानपणापासून ठाऊक असतं. ते वजन नाहीसं झालं की हसू येतं. चमकणाऱ्या त्वचेचंही तसंच. कादंबरीत ती एक उपमा आहे, प्रत्येक वाचक आपापली चमक कल्पितो. पडद्यावर ती कोणत्यातरी एका ठरावीक रूपात दाखवावीच लागते. इथे ती छातीवरच्या घामासारखी दिसली, आणि तिच्यावर बारीक किणकिणणारा आवाज टाकल्यानं ती आणखीच खोटी झाली. गोऱ्या मेकअपचा थर काही दृश्यांत गळ्यापाशी संपलेला कळतो. नृत्यशाळेतली शेवटची मारामारी आरशांमुळे वेगळी दिसते खरी, पण तिथे चित्रपटाची नजर बेलाकडून सुटते आणि दुसऱ्याच कुठल्यातरी हाणामारीच्या चित्रपटात गेल्यासारखं वाटतं.

पाच समीक्षा

न्यूयॉर्क टाइम्समध्ये मनोला डार्गिस यांनी चित्रपट अतिशय प्रामाणिक आहे आणि वेडगळही आहे असं एकाच वाक्यात म्हटलं, आणि लग्नाआधी शरीरसंबंध टाळण्याच्या अमेरिकी शिकवणुकीशी त्याचं नातं जोडलं. हे निरीक्षण अचूक आहे. चावणं म्हणजे काय हे सगळ्यांना कळतं, आणि कथेतला सारा ताण न चावण्यात आहे.

लॉस एंजेलिस टाइम्सच्या केनेथ ट्युरन यांनी आधी चित्रपटाचा प्रकार मान्य केला. ही सरळसरळ प्रेमकथा आहे, तशीच ती बघायची. मग त्यांना दिसलं की किशोरवयातल्या भावनेची तीव्रता दिग्दर्शिकेनं पूर्ण विश्वासानं पडद्यावर आणली आहे. दोष त्यांना दिसले नाहीत असं नाही, पण त्यांनी ते दुय्यम मानले.

व्हरायटीच्या समीक्षकांना तीच कथा रक्तक्षय झालेली वाटली. ज्यांना पुस्तक आधीच आवडतं त्यांची भूक भागेल, बाकीचे गोंधळतील, असं त्यांचं म्हणणं. इथे जरा थांबून पाहायला हवं. व्हरायटी हे धंद्याचं पत्र, थिएटरमालक आणि वितरक ते वाचतात. त्यामुळे ‘बाहेरचा प्रेक्षक येईल का’ हा प्रश्न तिथे योग्यच होता, आणि पुस्तक न वाचलेल्याला काही दुवे तुटक वाटतील हेही खरं होतं. चूक झाली ती गृहीतकात, बाहेरचा प्रेक्षक लागेलच या. पहिल्या तीन दिवसांत आलेल्यांत सुमारे तीन चतुर्थांश स्त्रिया होत्या आणि निम्म्याहून अधिक प्रेक्षक पंचविशीच्या आतले होते. आतलेच इतके होते की बाहेरच्यांवाचून काही अडलं नाही.

यूएसए टुडेच्या क्लॉडिया प्युग यांच्या मते चित्रपट नको तिथे हसवणारा आणि विसरून जाण्याजोगा होता, पुस्तक त्याहून कितीतरी गुंतवणारं. तेव्हा चित्रपट न आवडणं म्हणजे मुलींचं वाचन न आवडणं असा सरसकट अर्थ लावता येत नाही. हे मत चित्रपटाच्या कारागिरीवरचं आहे आणि इफेक्टच्या बाबतीत ते टिकणारं आहे.

रॉजर ईबर्ट यांनी चारपैकी अडीच तारे दिले. हा चित्रपट सोळा वर्षांच्या मुलींना आणि त्यांच्या आज्यांना भुरळ घालेल, आयांना मात्र अशा मुलांची पुरती ओळख असते, असं त्यांचं गमतीदार निरीक्षण होतं. त्याहून मोलाची आहे ती त्यांनी केलेली प्रेक्षागृहाची नोंद. आधीच्या एका खेळाला त्याच थिएटरातले प्रेक्षक गप्पांत आणि फोनवरच्या मेसेजांत रमलेले त्यांनी पाहिले होते. या वेळी सगळे भान हरपून पडद्याकडे बघत होते. स्वतःला पूर्ण न पटलेल्या चित्रपटाबद्दल समीक्षकानं शेजारच्या खुर्चीत काय घडतंय हे लिहावं, ही समीक्षेची फार चांगली रीत आहे. ती पाळणारे त्या आठवड्यात थोडे होते.

निम्मी टक्केवारी म्हणजे नेमकं काय

इथे बऱ्याच जणांची गफलत होते, म्हणून सावकाश.

रॉटन टोमॅटोजवरची टक्केवारी म्हणजे गुण नव्हेत. प्रत्येक समीक्षेवर ‘ताजी’ किंवा ‘नासकी’ अशी दोनांपैकी एकच खूण लागते, आणि शंभरातल्या किती ताज्या, तो आकडा वर झळकतो. ६० टक्क्यांपासून वर लाल टोमॅटो, खाली हिरवा चिखल. समजा शंभर जणांनी एखाद्या चित्रपटाला दहापैकी सहा दिले आणि सगळ्यांच्या समीक्षा ‘ठीक आहे, बघा’ अशा असल्या, तर टक्केवारी येते १००. दुसऱ्या चित्रपटाला पन्नास जणांनी नऊ दिले आणि पन्नास जणांनी दोन, तर टक्केवारी ५०, सरासरी साडेपाच. पहिला चित्रपट कोणाच्याच मनात घर करत नाही, दुसरा निम्म्यांना आयुष्यभर पुरतो. फलकावर पहिला दुप्पट चांगला दिसतो.

मेटाक्रिटिकची रीत वेगळी. तिथे प्रत्येक समीक्षेचं ० ते १०० मध्ये रूपांतर होतं, काही प्रकाशनांना जास्त वजन दिलं जातं आणि मग सरासरी काढतात. ‘ट्वायलाइट’ला तिथे मिळालेले ५६ गुण ‘संमिश्र’ या पट्ट्यात येतात. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की कळतं, टोकाचा राग इथे थोडा होता. बहुसंख्य समीक्षा मध्यरेषेच्या अलीकडे-पलीकडे घुटमळत होत्या, आणि अडीच ताऱ्यांवर एकच खूण लावायची म्हटलं की ती जवळजवळ नाणेफेक ठरते. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत पाचपैकी अडीच तारे दिसले की वाचकाचं जे होतं, तेच हे.

एखाद्या चित्रपटाच्या स्वागताचा असा अभ्यास करायचा असेल तर टक्केवारी बाजूला ठेवून किमान वीस समीक्षा काढाव्यात, त्यांतल्या निम्म्या पहिल्या तीन दिवसांतल्या. एका वहीत तीन रकाने आखावेत. पहिल्यात समीक्षकानं पडद्यावर काय पाहिलं ते, म्हणजे दृश्य, रंग, संवाद, नट. दुसऱ्यात प्रेक्षकांबद्दल काय म्हटलं ते. तिसऱ्यात चित्रपटाची तुलना कशाशी केली ते. एकच वाक्य दोन रकान्यांत बसत असेल तर दोन्हीकडे लिहावं. किशोरवयीन मुलींच्या चित्रपटांच्या बाबतीत दुसरा रकाना बघता बघता भरतो आणि पहिला रिकामा राहतो. ज्या समीक्षेचा पहिला रकाना रिकामा, तिचं मत चित्रपटाबद्दलचं नाही. तिसरा रकानाही बोलका असतो. ‘ट्वायलाइट’ची तुलना व्हॅम्पायरांच्या भयपटांशी केली की तो हरतो, आणि घराण्यांच्या वैरातल्या प्रेमकथांशी केली की बरोबरीला येतो.

नंतरचं

मार्च २००९ मध्ये डीव्हीडी आली, आणि पहिल्याच दिवशी तीस लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या. एमटीव्हीच्या प्रेक्षकमतांच्या पुरस्कारांत पाच पुरस्कार मिळाले, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा धरून. अमेरिका-कॅनडातली एकूण तिकीटविक्री १९ कोटी २८ लाख डॉलरवर थांबली, जगभरातली ३९ कोटींच्या वर गेली. २०१२ च्या जानेवारीत लायन्सगेटनं समिट ४१ कोटी २५ लाख डॉलरला विकत घेतली, त्या किमतीमागचं मोठं कारण ही मालिका होती.

पुढचे चार भाग तीन पुरुष दिग्दर्शकांकडे गेले. २००९ चा दुसरा भाग क्रिस वाइट्झ यांनी केला. हार्डविक यांच्याशिवाय पुढे जायचं हे डिसेंबर २००८ मध्येच जाहीर झालं होतं, आणि स्टुडिओला पुढचा भाग वर्षभरात हवा होता हे त्याचं सांगितलं गेलेलं कारण. खर्च वाढला, इफेक्ट सुधारले, निळी छटा जाऊन सोनेरी-तपकिरी रंग आले. पहिल्या तीन दिवसांची कमाई थेट १४ कोटी २८ लाखांवर गेली. आणि समीक्षकांची टक्केवारी तिसाच्या खाली घसरली! ज्या उणिवांवर सगळ्यांनी बोट ठेवलं होतं त्या बऱ्याच भरून निघाल्या, तरी पसंती घटली. पहिल्या भागाला जी काही मान्यता होती ती हातातल्या कॅमेऱ्याला आणि त्या ओल्या, थंड जवळिकीला होती, हे यावरून उलट बाजूनं सिद्ध होतं. शेवटच्या भागाला २०१३ मध्ये वाईट चित्रपटांसाठीचे सात रॅझी पुरस्कार मिळाले. तोवर मालिकेला नावं ठेवणं हा रिवाजच झाला होता.

बाकीच्या स्टुडिओंनी या प्रकरणातून उचललं ते साहित्य : गाजलेली किशोर-कादंबरी, गावात नवं कोणीतरी येणं, निषिद्ध प्रेम, जुनी घराणी. १४ फेब्रुवारी २०१३ ला आलेला ‘ब्यूटिफुल क्रीचर्स’ हे सगळ्यात बोलकं उदाहरण. खर्च सुमारे ६ कोटी डॉलर, जेरेमी आयर्न्स, एमा थॉम्प्सन आणि व्हायोला डेव्हिस यांच्यासारखे नट, ‘ट्वायलाइट’पेक्षा चुरचुरीत संवाद. समीक्षकांची टक्केवारी पन्नासच्या किंचित खाली, मेटाक्रिटिकवर ५२. आकड्यांत जवळजवळ जुळी भावंडं. अमेरिकेत मात्र तो दोन कोटींपर्यंतही पोचला नाही आणि जगभरात जेमतेम खर्चाइतकी तिकीटविक्री झाली. मालिका पहिल्याच भागात संपली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आलेल्या ‘द मॉर्टल इन्स्ट्रुमेंट्स : सिटी ऑफ बोन्स’ला समीक्षकांनीही नाकारलं आणि अमेरिकेत त्याची कमाई ३ कोटी १० लाखांच्या आसपास थांबली. या दोन्ही चित्रपटांत जादूचे नियम समजावून सांगण्यात भरपूर वेळ जातो. जीवशास्त्राच्या वर्गातल्या पंख्यासारखं काही त्यांच्यात नाही.

जे निसटलं

२००८ च्या समीक्षा दोन बाबतींत कमी पडल्या. त्यातली एक नंतर भरपूर चर्चिली गेली. एडवर्ड रात्री बेलाच्या खोलीत येऊन ती झोपलेली असताना बघत बसतो, तिच्या मागे दुसऱ्या शहरात जातो, ती कुठे सुरक्षित आहे हे तोच ठरवतो. चित्रपट बेलाच्या नजरेत इतका आत शिरलेला आहे की हे सगळं काळजी म्हणूनच दिसतं. तिची नजर प्रामाणिकपणे दाखवणं ही चित्रपटाची ताकद आहे, आणि या वागण्याकडे बाहेरून बघणारं कोणीच कथेत नसणं ही त्याच ताकदीची किंमत. पहिल्या आठवड्यातल्या समीक्षा प्रेक्षक मुलींच्या किंकाळ्यांबद्दल सविस्तर बोलल्या, या मुद्द्यावरून ओझरत्या पुढे गेल्या. मुलींना काय आवडतं यावर टीका करणं आणि मुलींना काय दाखवलं जातंय याचा विचार करणं यांत फरक आहे. दुसरं काम उशिरा सुरू झालं. दहाएक वर्षांनी लिहिणाऱ्यांनी दोन्ही गोष्टी एकत्र धरल्या. त्या वेळच्या हेटाळणीत मुलींच्या आवडीबद्दलचा तुच्छभाव होता हेही त्यांनी मान्य केलं, आणि एडवर्डचं वागणंही सोडलं नाही.

दुसरी बाब ला पुश या किनाऱ्यावरच्या गावाची. चित्रपटात तिथल्या समुद्रकिनाऱ्यावर बेलाचा मित्र जेकब तिला आपल्या लोकांची लांडग्यांची कथा सांगतो, आणि तिथूनच एडवर्डचं रहस्य उलगडू लागतं. हे लोक काल्पनिक नाहीत. क्विल्यूट ही वॉशिंग्टनच्या किनाऱ्यावरची मूळनिवासी जमात, तिची राखीव जमीन जेमतेम एक चौरस मैलाची. त्यांच्या परंपरेत रूप पालटणाऱ्या एका पुरुषानं लांडग्यांचे माणूस केले, अशी उत्पत्तीकथा खरोखर आहे. व्हॅम्पायरांशी वैर मात्र तिच्यात कुठेच नाही, ते कादंबरीनं जोडलं. मालिकेच्या व्यापारातून जमातीच्या नावावर वस्तू विकल्या गेल्या, पर्यटक थेट किनाऱ्यापर्यंत आले, आणि समीक्षांमध्ये हा विषय जवळजवळ नव्हता. सिएटलच्या बर्क म्युझियमनं पुढे जमातीबरोबर काम करून कथेतलं खरं काय आणि रचलेलं काय हे वेगळं करून मांडलं.

ज्या किनाऱ्यावर ती कथा सांगितली जाते तिथलं गाव त्सुनामीच्या पट्ट्यात येतं. शाळा आणि वस्ती उंचावर हलवता यावी म्हणून ऑलिंपिक राष्ट्रीय उद्यानातली जमीन जमातीला देणारा कायदा फेब्रुवारी २०१२ मध्ये झाला, मालिकेचा शेवटचा भाग आला त्याच वर्षी. नवी शाळा डोंगरावर २०२२ मध्ये उघडली.